पाणी घातलं, पण जिरलं का?

मे महिन्याची सुट्टी संपवून घरची मंडळी गावाहून परततात. बॅगा दारातच राहतात आणि पहिली धाव गॅलरीकडे. दहा दिवसांत जास्वंदीनं मान टाकलेली असते, तुळशीच्या मंजिऱ्या वाळून खडखडीत झालेल्या असतात, मोगऱ्याची पानं हाताला कुरकुरीत लागतात. झारी भरून पाणी घातलं जातं. पाच-सात सेकंदांतच कुंडीखालच्या भोकातून धार लागते, ताटली भरून वाहते आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. चला, रोपांना पोटभर पाणी मिळालं! दुसऱ्या दिवशी मोगरा तसाच. पुन्हा झारी, पुन्हा धार. तिसऱ्या दिवशी पानगळ सुरू होते आणि खापर उन्हावर फुटतं.

अशी एखादी कुंडी आडवी करून, बाहेरून थोपटून आतली मातीची हुंडी अलगद बाहेर काढून पाहावी. वरचा अर्ध्या पेराएवढा थर काळा, ओला. कुंडीच्या भिंतीलगत एक ओला पट्टा, थेट तळापर्यंत. तळाशी थोडा चिखल. आणि मधला सगळा गोळा? काडीनं टोकरला की भुसा उडतो. रोपाची मुळं त्याच कोरड्या गोळ्यात अडकलेली असतात. त्यांच्यापासून बोटभर अंतरावरून झारीभर पाणी वाहून गेलेलं असतं.

पाण्याच्या प्रवासासाठी मराठीत किती शब्द आहेत! पाणी वाहतं, निथळतं, झिरपतं, पाझरतं, मुरतं, जिरतं. या कुंडीतून ते वाहिलं आणि निथळलं. जिरलं मात्र नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रात गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली दिसते, ती डोंगरउताराइतकीच या बारा इंची कुंडीलाही लागू आहे.

पाणी न जिरण्याची पहिली कारणं डोळ्यांनी दिसतात. कुंडीतलं मिश्रण वाळलं की आकसतं. शेणखत आणि कोकोपीट आकसतं, चिकण माती तर फारच. मातीची हुंडी भिंतीपासून सुटते आणि भोवती दोन-तीन मिलिमीटरची फट पडते. पाण्याला एवढी वाट पुरते. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचंच हे लहान रूप. काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते. ती भिजली की फुगते, वाळली की आवळते. शेतात मात्र भेगेतून खाली गेलेलं पाणी जमिनीतच राहतं, माती हळूहळू फुगते आणि भेग मिटते. कुंडीच्या बुडाला भोक असतं. माती फुगायला वेळ मिळण्याआधीच पाणी ताटलीत उतरलेलं असतं.

दुसरं कारण समजण्यासाठी अळूच्या पानाकडे पाहायला हवं. ‘अळवावरचं पाणी’ आपण आयुष्याबद्दल बोलताना म्हणतो. अळूचं पान पाण्याला चिकटू देत नाही, कारण त्याच्यावर मेणासारखा अतिशय बारीक थर असतो. थेंब पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. कुंडीतल्या मिश्रणात कुजलेला पाला, शेणखत, नारळाच्या सोडणाचा भुसा असे सेंद्रिय पदार्थ असतात. त्यांच्यातही मेणचट, तेलकट अंश असतो. काही बुरशींचे धागेही मातीच्या कणांवर असाच लेप चढवतात. मिश्रण ओलसर आहे तोवर हा लेप त्रास देत नाही. ते ठणठणीत वाळलं की तो कणांच्या पृष्ठभागावर उघडा पडतो आणि प्रत्येक कण इवलंसं अळूचं पान होऊन बसतो. पीट मॉस, म्हणजे दलदलीतल्या शेवाळापासून झालेला कुजका भुसा, या बाबतीत सगळ्यांत हट्टी. एकदा पूर्ण वाळला की तो पाण्यावर चक्क तरंगतो. आपल्याकडचं कोकोपीट त्या मानानं समजूतदार आहे, लवकर भिजतं. पण उन्हात आठ-दहा दिवस भाजून निघालं की तेही पाण्याकडे पाठ फिरवतं.

वळवाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या धुळीत पडताना ज्यानं पाहिले आहेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. थेंब धुळीचा अंगरखा पांघरतो आणि गोळी होऊन क्षणभर पडून राहतो. कोरड्या कणकेत पाण्याची पहिली धार पडली की परातीत हेच दिसतं.

मृदाशास्त्रज्ञ याची परीक्षा अगदी साध्या रीतीनं करतात. सपाट केलेल्या कोरड्या मातीवर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि घड्याळ लावायचं. ५ सेकंदांच्या आत थेंब शोषला गेला तर माती निर्दोष. त्याहून जास्त वेळ लागला तर माती पाणी नाकारते आहे असं धरतात. काही मातींवर थेंब तासाभरानंतरही तसाच असतो. ही परीक्षा घरी चमचा आणि मोबाइलच्या घड्याळावर होते. वरचा थर बोटानं बाजूला करून, दोन इंच खोलीवर थेंब सोडून पाहिला तर कुंडीच्या पोटातली हकिगत आणखी नेमकी कळते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना ही डोकेदुखी लाखो हेक्टरांवर सोसावी लागते. तिथली जमीन वाळूची आहे. वाळूचा कण मोठा, त्यामुळे ठरावीक मातीत सगळ्या कणांचं मिळून पृष्ठफळ कमी भरतं आणि थोड्याशा मेणानंही सगळे कण माखले जातात. पाऊस पडतो, पाणी काही वाटांनी खाली जातं, मधले पट्टे कोरडे राहतात आणि पीक ठिपक्या-ठिपक्यांनी उगवतं. तिथल्या शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय कुंडीवाल्यांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ते खालच्या थरातली चिकणमाती उकरून वर आणतात आणि वाळूत मिसळतात. चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म आणि पाण्याची ओढ असलेले. मेणानं माखलेल्या कणांवर ते आपला लेप चढवतात. आजकाल ‘माती नको, नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत’ असा सल्ला सर्रास मिळतो. गच्चीवर वजन कमी राहावं म्हणून तो योग्यही आहे. पण अशा मिश्रणात कुंडीमागे दोन-तीन मुठी चाळलेली माती घातली, तर ते वाळल्यावर पुन्हा भिजायला कमी कुरकुर करतं.

आता पाण्याची बाजू. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर जणू ताणलेला पडदा असतो. त्यालाच पृष्ठताण म्हणतात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पोकेल्स नावाच्या बाईंनी घरकाम सांभाळत, स्वयंपाकघरात हा ताण मोजला. विद्यापीठाची दारं त्यांना बंद होती. खरकट्या भांड्यांच्या पाण्यात साबण आणि तेलकटपणा मिसळला की पाण्याचं वागणं बदलतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग पत्र्याचं लांबट पात्र आणि साधा तराजू एवढ्या सामग्रीवर त्यांनी वर्षानुवर्षं मोजमापं केली. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना त्यांनी पत्रानं ती कळवली आणि रॅलेंच्या शिफारशीवरून १८९१ मध्ये ती ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आली. एका गृहिणीनं भांडी घासताना टिपलेली ती गोष्ट कुंडीला थेट उपयोगी पडते. साबणानं पाण्याचा ताण उतरतो, थेंब पसरतो आणि मेणचट कणालाही ओला करतो.

गोल्फची मैदानं राखणारे माळी यासाठी खास रसायनं वापरतात. घरच्या कुंडीला लिटरभर पाण्यात सौम्य द्रवरूप साबणाचे एक-दोन थेंब पुरतात, तेही फक्त पहिल्या भिजवणीला. कपडे धुण्याची पावडर मात्र चुकूनही नको, तिच्यातले क्षार मुळांना जाळतात. आपल्याकडे त्याहून बरी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे: रिठा. त्याच्या सालीत सॅपोनिन असतं, फेस त्याचाच होतो. दोन रिठ्यांची साल रात्रभर तांब्याभर पाण्यात भिजवून, गाळून, बादलीभर पाण्यात मिसळली की काम होतं.

पण साबणाशिवायही पाणी जिरतं. त्यासाठी एक उलटी वाटणारी गोष्ट पटावी लागते. तहानलेली माती पाणी घटाघटा पिईल असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कोरड्या मातीतून पाणी अतिशय हळू सरकतं, ओलसर मातीतून भराभर. अमेरिकेच्या शेतकी खात्यात काम करणाऱ्या एडगर बकिंगहॅम यांनी १९०७ मध्ये हे सूत्रात मांडलं: मातीची पाणी वाहून नेण्याची क्षमता तिच्यातल्या ओलाव्यावर ठरते. इमारतीचा स्लॅब पडताना मजुरांची रांग डोळ्यांसमोर आणावी. सिमेंटचं घमेलं हातोहात वर जातं, कारण रांगेत माणसाला माणूस लागून उभा असतो. मधली चार माणसं नसतील तर घमेलं तिथंच थांबतं. ओल्या मातीत कणाकणाभोवती पाण्याची पातळ साय असते आणि नवं पाणी त्या सायीला धरून पुढं जातं. कोरड्या मातीत मधली माणसंच नसतात. पोकळ्यांमध्ये हवा ठाण मांडून बसलेली असते, ती हलल्याशिवाय पाण्याला आत जागा नाही.

म्हणून उपाय एकच, वेळ देण्याचा. तो देण्याच्या रीती मात्र कुंडीगणिक वेगळ्या.

उचलता येईल अशी कुंडी असेल तर तिला बादलीत किंवा घमेल्यात बसवावं. पाणी कुंडीच्या काठाच्या दोन बोटं खाली राहील एवढंच भरावं. वरून पाणी घालू नये, नाहीतर कोरडं कोकोपीट तरंगून बादलीभर पसरतं. पाणी तळच्या भोकातून आत शिरतं आणि समईच्या वातीत तेल चढावं तसं मातीतून वर चढू लागतं. सुरुवातीला मातीच्या पृष्ठभागावर आणि कुंडीच्या कडेनं बुडबुडे येतात, बारीक ‘बुडूक बुडूक’ आवाजही होतो. आतली हवा बाहेर पडते आहे, तिच्या जागी पाणी शिरतं आहे. पाच मिनिटांत बुडबुड्यांचा जोर ओसरतो. त्यानंतर मातीचा रंग पाहत राहावा. फिकट तपकिरी पृष्ठभागावर आधी एक-दोन गडद डाग उमटतात, ते पसरत जातात, एकमेकांना मिळतात आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळा पृष्ठभाग गडद होतो. कुंडी बाहेर काढताना मनगटाला भार जाणवला की समजावं, काम फत्ते झालं. मग ती दोन विटांवर ठेवून निथळू द्यावी. बादलीतच विसरून रात्रभर ठेवली तर मुळांचा श्वास कोंडतो.

प्रत्येक वेळी असंच खालून पाणी देणं मात्र बरं नव्हे. पाणी वर चढून उडून जातं आणि त्यातले क्षार मातीच्या माथ्यावर साठतात. पांढुरकी पापडी दिसते ती त्याचीच. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांत ती लवकर धरते. महिन्या-दोन महिन्यांनी वरून भरपूर पाणी सोडून ते क्षार धुऊन काढावे लागतात.

गच्चीवरचे ड्रम, सिमेंटच्या कुंड्या, तुळशीवृंदावन या गोष्टी बादलीत बसणाऱ्या नाहीत. तिथं हप्त्या-हप्त्यानं पाणी द्यायचं. आधी खुरप्यानं वरची पापडी मोकळी करावी, कडेची फट मातीनं बुजवून बोटांनी दाबावी आणि बांबूच्या काडीनं मधल्या भागात सात-आठ भोकं पाडावीत, मुळांना सांभाळून. मग झारीनं एकच हलका फेर, माती ओली होईल इतपत. दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या कुंड्यांकडे जावं. परत येऊन दुसरा फेर. पुन्हा थांबून तिसरा. पहिल्या फेरानं मजुरांची रांग उभी राहते, दुसऱ्या-तिसऱ्या फेरात घमेली वर जातात. साबुदाणा भिजवताना कुणी पातेलंभर पाणी ओतून ठेवत नाही. बेताचं पाणी, झाकण आणि वेळ. माती भिजवायचीही हीच रीत.

किती पाणी आत राहिलं याचा हिशेब ठेवणं एकदा तरी करून पाहावं, कारण तो डोळे उघडतो. साधारण १० लिटर मिश्रण मावणारी कुंडी पुरती भिजली की ४ ते ५ लिटर पाणी धरून ठेवते. वाळलेल्या कुंडीत मोजून ३ लिटर पाणी घालावं आणि ताटलीत उतरलेलं मोजावं. अडीच लिटर परत मिळालं, तर आत अर्धा लिटरच राहिलं. लिटरभर पाण्याचं वजन १ किलो, म्हणून कुंडी उचलून अंदाज घ्यायची माळ्यांची सवय पूर्णपणे शास्त्राला धरून आहे. मातीची कुंडी असेल तर बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचं: कोरडी खणखणते, भिजलेली बद्द वाजते. इंग्लंडमधले जुने माळी काठीच्या टोकाला लाकडी रीळ बसवून ओळीनं कुंड्या वाजवत जात आणि ज्या खणखणतील त्यांनाच पाणी घालत.

एक फसगत नर्सरीतून येतानाच घरात येते. आपल्याकडे बरीच रोपं लाल, चिकट मातीच्या हुंडीत वाढवलेली असतात. ‘हुंडी फुटू देऊ नका’ असं माळी बजावून सांगतो आणि ते खरंही आहे, फुटली तर मुळं तुटतात. ती हुंडी घरी आणून हलक्या, भुसभुशीत कोकोपीटच्या मिश्रणात बसवली जाते. आता कुंडीत दोन वेगळ्या स्वभावाच्या माती शेजारी-शेजारी आहेत. पाणी भुसभुशीत भागातून सरळ निघून जातं, मधली हुंडी विटेसारखी कडक होत जाते. वरून बोट घालून पाहिलं तर माती ओली लागते आणि रोप मात्र सुकत असतं. म्हणून लावण्याआधी हुंडी तासभर पाण्यात ठेवावी, तिच्या कडा बोटांनी जरा खरवडून मोकळ्या कराव्यात, मिश्रणातही त्या लाल मातीचा थोडा वाटा असू द्यावा आणि पहिले दोन-तीन आठवडे पाणी थेट खोडाभोवती, हुंडीवरच द्यावं. कोरं कोकोपीट तर आधी बादलीत फुगवूनच घ्यायला हवं. ६५० ग्रॅमची एक वीट भिजून साधारण ८-९ लिटर होते. नवी मातीची कुंडीही माठासारखी आधी पाण्यात ठेवावी, नाहीतर मातीचं पाणी तीच पिऊन टाकते.

निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी भरण्याची पद्धत घरोघरी आहे. भोकावर खापरीचा एक तुकडा ठीक, पण खडीचा जाड थर उपयोगाचा नाही. भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरावा, ठिबकणं थांबू द्यावं आणि मग तोच उभा धरावा. पुन्हा पाणी गळू लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मातीच्या तळाशी नेहमीच एक चिंब थर अडकून राहतो आणि खडी भरली की तो थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ सरकतो. तळ चिंब आणि पोट कोरडं, अशी दुहेरी आपत्ती मग एकाच कुंडीत नांदते.

माती इतकी वाळूच नये, याची तजवीज या सगळ्याहून सोपी. वाळक्या पानांचं, उसाच्या पाचटाचं किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचं दोन बोटं जाड आच्छादन उन्हाळ्यात फार मोठं काम करतं. गावी जाताना शंकराच्या पिंडीवरच्या गळतीसारखी, बारीक भोक पाडलेली बाटली कुंडीवर टांगता येते. मोठ्या ड्रममध्ये छोटं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरून ठेवता येतं. त्याच्या भिंतीतून माती हवं तेवढं पाणी ओढून घेते. चीनमध्ये ही रीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात लिहिलेली आहे. मडक्याचं तोंड झाकलेलं हवं आणि ताटल्यांत पाणी साचू देता कामा नये. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दीड आठवडाच लागतो, म्हणून तर आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात.

शेतकरी पेरणीआधी वाफशाची वाट पाहतो. पाऊस झाल्याझाल्या तो तिफण बाहेर काढत नाही. मूठभर माती दाबून लाडू वळतो, खाली टाकतो. लाडू वळला आणि पडल्यावर फुटला की वाफसा आला. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. इतक्या नेमक्या अवस्थेला एक शब्द आपल्या भाषेत रोजच्या वापरात आहे, याचा अभिमान वाटावा. कुंडीलाही वाफसाच हवा असतो. चिखल नको, भुसा नको.

आणि तुळस. सकाळी अंघोळ करून वृंदावनात तांब्याभर पाणी घालण्याचा नेम अनेक घरांत आजही चुकत नाही, तरीही वैशाखात तुळस वाळते आणि घरातल्या आजीला ते मनाला लागतं. तांब्याभर पाणी एका धारेनं एकाच जागी पडतं, कडेची फट गाठतं आणि दोन मिनिटांत वृंदावनाच्या पायाशी ओघळ उमटतो. तिथं नेम मोडायची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी खुरपं आणि तीन फेर करून माती एकदा नीट भिजवून घ्यावी. मग रोज आधी अर्धा तांब्या, खोडाभोवती गोल फिरवत. त्यानंतर हळदकुंकू, उदबत्ती, प्रदक्षिणा. आणि उरलेला अर्धा तांब्या प्रदक्षिणेनंतर.